जेवणानंतर चढणारे ट्रायग्लिसराइड आणि मेटाबॉलिक सिंड्रोम: तूप, तेल की आणखी काही?

प्रश्न : चिंचबन

नमस्कार मंडळी. माझे वय ४८ आहे, काम बैठे आहे आणि राहायला पुण्यात आहे. मध्यंतरी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७२ आणि एचडीएल (ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ३७ आले. रक्तदाब १३४/८६ च्या आगेमागे असतो आणि पोटाचा घेर ९६ सेंटीमीटर भरतो. हे सारे एकत्र पाहून आमच्या डॉक्टरांनी हा मेटाबॉलिक सिंड्रोम असल्याचे सांगितले आणि औषध लगेच सुरू न करता आधी खाण्यापिण्याकडे व चालण्याकडे लक्ष द्यावे, असे सुचवले.

गोंधळ झाला तो त्यानंतर. कार्यालयात आरोग्य शिबिर होते आणि नेमके त्याच दुपारी एका सहकाऱ्याच्या निवृत्तीनिमित्त पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि गुलाबजाम असे जेवण झाले होते. जेवणानंतर साडेतीन-चार तासांनी घेतलेल्या रक्तात साखर १३१ निघाली, त्यामुळे काळजीचे काही नाही असे वाटले. परंतु ट्रायग्लिसराइड ३४१ होते आणि अहवालाखाली 'नमुना दुधाळ, उपाशीपोटी पुन्हा तपासावे' असा शेरा होता.

यांतला कोणता आकडा खरा धरायचा? जेवणानंतरची साखर इतकी बरी असताना चरबी एवढी का चढावी? आणि घरातला एक वादही येथे मांडतो. आई साजूक तुपाच्या बाजूची आहे, पत्नी मालवणकडची असल्यामुळे खोबरेल तेलाच्या आणि ओल्या नारळाच्या बाजूची, आणि मी स्वतः शेंगदाणा तेलावर वाढलेलो. माझ्यासारख्याच्या बाबतीत जेवणानंतर होणाऱ्या या वाढीच्या दृष्टीने यांत काही फरक पडतो का? उपचारांचा सल्ला डॉक्टरांकडूनच घेईन, पण शरीरात नेमके काय घडते ते समजून घ्यायचे आहे.


उत्तर : जीवरसायन

चिंचबन, दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात दिसते ती मुख्यतः यकृताने स्वतः तयार करून बाहेर सोडलेली चरबी. जेवणानंतरच्या रक्तात तिच्यात आतड्यातून आलेल्या चरबीची भर पडलेली असते, आणि ही सगळी चरबी शरीर किती तत्परतेने उचलते याची परीक्षा तिथे होते. सकाळची न्याहारी, एकचे जेवण, पाचचा चहा-फराळ आणि रात्री साडेनऊचे जेवण असा आपला दिवस धरला, तर खऱ्या अर्थाने उपाशीपोटी असण्याची वेळ पहाटेचे काही तास एवढीच उरते. बाकीचा सगळा दिवस रक्त जेवणोत्तर अवस्थेतच असते. धमन्यांच्या भिंतीत मेद साचणे ही मुळात जेवणानंतरच्या काळात घडणारी गोष्ट आहे, असे डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी १९७९ मध्येच मांडले होते; तरीही तपासण्या पुढची अनेक दशके उपाशीपोटीच होत राहिल्या, कारण त्या वेळी आकडा स्थिर असतो आणि मोजायला सोपा जातो.

साखर चांगली आणि चरबी वाईट असे का, हे दोघींच्या वाटा पाहिल्या की कळते. साखर आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरते आणि तासाभरात तिचा कळस येऊन ओसरूही लागतो. चरबीचे तसे नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा लायपेज (चरबी तोडणारे विकर) यांच्या मदतीने तिचे आधी तुकडे होतात, आतड्याच्या पेशीत ते पुन्हा जोडले जाऊन ट्रायग्लिसराइड तयार होते आणि अपो-बी-४८ नावाच्या प्रथिनासह त्याचे कायलोमायक्रॉन नावाचे मोठे कण बांधले जातात. हे कण केशवाहिनीत शिरू शकत नाहीत. म्हणून ते लसीकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूला, शिरेत येऊन पडतात. म्हणजे पहिल्या फेरीत यकृताला वळसा घालून थेट सगळ्या शरीरात जातात. या लांबच्या प्रवासामुळे ट्रायग्लिसराइडचा कळस जेवणानंतर तीन ते चार तासांनी येतो आणि पातळी पूर्ववत व्हायला सहा ते आठ तास लागतात. दोन तासांनी 'पीपी', म्हणजे जेवणानंतरची, साखर मोजून निर्धास्त होणाऱ्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. शिवाय चरबी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, त्यामुळे तळलेल्या जेवणानंतर साखरेचा कळस काहीसा बुटका दिसतो. आपला १३१ हा आकडा वाईट नाही, परंतु तो त्या जेवणाच्या बाजूने दिलेला दाखला म्हणून वापरता येणार नाही. नमुन्याचा दुधाळपणा म्हणजे हेच कायलोमायक्रॉन. प्रयोगशाळेची त्यात काही चूक नाही.

आता थोडा हिशेब करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन लिटर रक्तद्रव असतो. दर डेसीलिटरला १०० मिलिग्रॅम ट्रायग्लिसराइड असेल, तर साऱ्या रक्तद्रवात मिळून ३ ग्रॅम चरबी फिरत असते. आपल्या १७२ च्या हिशेबाने ती ५ ग्रॅमच्या किंचित वर जाते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. निरोपाच्या त्या जेवणात पुऱ्या, मसालेभात आणि गुलाबजाम मिळून ५० ग्रॅम चरबी सहज असेल. एरवी चमचाभर चरबी असलेल्या रक्तातून काही तासांत तिच्या दहापट चरबी पार करायची, हे काम निरोगी शरीर ज्या सफाईने करते ते खरे तर थक्क करणारे आहे.

ही सफाई मुख्यतः इन्शुलिनमुळे येते. इन्शुलिन म्हणजे साखर उतरवणारा पदार्थ एवढीच त्याची ओळख आपल्याकडे रुजली आहे, पण जेवणानंतर ते चरबीच्या संदर्भात एकाच वेळी तीन कामे करते. मेदपेशींजवळच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज या विकराला चेतवून येणारी चरबी आत ओढते. मेदपेशींत आधीपासून साठवलेली चरबी बाहेर पडू देत नाही. आणि यकृताला आपले व्हीएलडीएल कण, म्हणजे स्वतः बनवलेली चरबी वाहून नेणारे कण, रक्तात सोडण्यापासून काही काळ रोखते. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये इन्शुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत आणि ही तिन्ही कामे एकदम ढिली पडतात. मेदपेशी चरबी उचलण्याऐवजी सोडत राहतात, ती मेदाम्लांच्या (चरबीच्या सुट्या घटकांच्या) रूपात यकृतात जाऊन तिथे त्यांचे आणखी व्हीएलडीएल बनते, आणि हे व्हीएलडीएल व आतड्यातून आलेले कायलोमायक्रॉन एकाच लायपेजसाठी टोलनाक्यावरच्या गाड्यांसारखे रांग लावून उभे राहतात. त्यात अपो-सी-३ हे प्रथिन अशा रुग्णांत वाढलेले असते आणि ते लायपेजचा वेग आणखी कमी करते. इन्शुलिनचा प्रतिरोध असलेल्यांत आतडेसुद्धा गरजेपेक्षा जास्त कायलोमायक्रॉन बनवू लागते.

रांग लांबली की कण अर्धवट रिकामे होऊन रक्तात रेंगाळतात. यांना अवशेष-कण म्हणतात. त्यांतली ट्रायग्लिसराइड कमी झालेली असते पण कोलेस्टेरॉल शिल्लक असते आणि आकार धमनीच्या भिंतीत शिरण्याइतका लहान झालेला असतो. शिवाय हे कण आपली ट्रायग्लिसराइड एचडीएल आणि एलडीएलला (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्या कणांना) देऊन बदल्यात कोलेस्टेरॉल घेतात. तशी ट्रायग्लिसराइड लादलेली एचडीएल लवकर नष्ट होते आणि एलडीएलचे लहान, घट्ट कण तयार होतात. तेव्हा आपली एचडीएल ३७ असणे आणि जेवणानंतर ट्रायग्लिसराइड ३४१ होणे या दोन स्वतंत्र तक्रारी नाहीत.

पोटाच्या घेराबद्दल एक सांगतो. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, ती युरोपीय लोकांपेक्षा कमी आहे, आणि तिचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील एका छायाचित्रातून फार सुरेख दाखवले होते. त्यात ते स्वतः आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय सडपातळ, त्वचेखाली चरबी साठवण्याची जागा बेताची आणि म्हणून जास्तीची चरबी पोटात व यकृतात, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. जेवणानंतर आलेली चरबी सुरक्षित ठिकाणी पोहोचवण्यात आपण कमी पडतो ते बरेचसे इथेच.


उत्तर : तूपसाखर

जीवरसायन सर, विवेचन उत्तम आहे. तरी यावरून लोक 'तूप बंद' असा सरसकट निष्कर्ष काढतील अशी मला धास्ती वाटते, म्हणून दोन मुद्दे मांडतो.

पहिला असा, की एकाच जेवणात लोणी दिले किंवा ऑलिव्ह तेल दिले आणि पुढचे सहा-आठ तास ट्रायग्लिसराइड मोजले, तर ज्या प्रयोगांत चरबीचे प्रमाण सारखे ठेवले होते त्यांत फरक बहुधा थोडाच आढळतो आणि कधी तो उलट दिशेनेही जातो. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड असतो. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रिडिक्ट अभ्यासात हजारभर लोकांना तेच ते जेवण दिले, तेव्हा साखरेच्या प्रतिसादातला विचलन गुणांक (माणसामाणसांतल्या फरकाचे माप) ६८ टक्के आणि ट्रायग्लिसराइडच्या प्रतिसादातला १०३ टक्के निघाला. म्हणजे चिंचबन यांचा ३४१ हा आकडा पाहून दुसऱ्या कोणी आपल्या ताटातले तूप काढून टाकण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. ट्रायग्लिसराइड उतरवले की हृदयविकार टळतो, हे गृहीत कितपत टिकते? टाइप २ मधुमेह आणि चढलेली ट्रायग्लिसराइड असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर पेमाफायब्रेट या औषधाची प्रॉमिनंट नावाची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ट्रायग्लिसराइड सुमारे एक चतुर्थांशाने घटली, अवशेष-कणांतले कोलेस्टेरॉलही घटले, परंतु हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांत काहीही फरक पडला नाही. मग जेवणानंतरच्या एका आकड्यासाठी पुरणपोळीवरचे तूप कशाला नाकारायचे?


उत्तर : करडई

मी आहारतज्ज्ञ आहे. तूपसाखर यांची माहिती बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

प्रॉमिनंट चाचणीत ट्रायग्लिसराइड उतरली तरी अपो-बी (चरबीचे कण बांधणारे प्रथिन) घटले नाही, उलट किंचित वाढले. आतड्यातून येणाऱ्या किंवा यकृतातून सुटणाऱ्या अशा प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो. अपो-बी घटले नाही याचा अर्थ कणांतला माल कमी झाला, कणांची संख्या नाही. कमी खाऊन, पोट उतरवून आणि चालून जे साधते त्यात यकृतच कमी कण सोडते. त्यामुळे औषधाच्या अपयशावरून आहाराला निकालात काढता येत नाही.

आता पहिल्या मुद्द्याकडे येते. एका जेवणापुरता चरबीच्या प्रकाराने फारसा फरक पडत नाही, हे मान्य आहे. त्या दिवशीचा आकडा चरबीच्या एकूण प्रमाणावर, सोबत किती साखर व मद्य होते त्यावर आणि माणूस आदल्या दिवशी किती हलला होता त्यावर ठरतो. चरबीचा प्रकार आपले काम आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने करतो, आणि ते यकृतात करतो. हेलसिंकीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ३८ जणांना तीन आठवडे दररोज १००० कॅलरी जादा दिल्या. काहींना संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीतून, काहींना असंपृक्त चरबीतून आणि काहींना साध्या साखरेतून. यकृतातली चरबी संपृक्त गटात ५५ टक्क्यांनी, साखरेच्या गटात ३३ टक्क्यांनी आणि असंपृक्त गटात १५ टक्क्यांनी वाढली. कॅलरी तिघांनाही सारख्याच होत्या. चरबी साठलेले यकृत इन्शुलिनला जुमानत नाही आणि जेवणानंतरही व्हीएलडीएल सोडत राहते, म्हणजे सरांनी वर सांगितलेली रांग आधीच लागलेली असते. पुढच्या महिन्यातल्या एखाद्या जेवणाचा आकडा आज रोज काय खाल्ले त्यावर असा ठरत जातो.

याचा अर्थ चरबी काढून तिथे भात वाढावा असा मात्र मुळीच नाही, आणि सर्वांत जास्त माणसे इथेच चुकतात असा माझा अनुभव आहे. युरोपातील आठ देशांत मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या लोकांवर लिपजीन नावाचा अभ्यास झाला. त्यात ४१७ जणांनी १२ आठवडे चारपैकी एक आहार घेतला. चरबीचा प्रकार बदलून एकूण इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु स्पेनमधील कोर्दोबा येथे याच अभ्यासातील लोकांचे जेवणानंतरचे मापन झाले, तेव्हा कमी चरबी आणि भरपूर कर्बोदके असलेल्या आहाराने जेवणोत्तर ट्रायग्लिसराइड वाढली; त्याच आहाराला माशांतल्या ओमेगा-३ मेदाम्लांची दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास जोड दिली तेव्हा ती वाढ टळली. आपल्याकडे 'तेल-तूप पूर्ण सोडले' असे अभिमानाने सांगणारे लोक ताटात भाताचे दोन मूद वाढवतात आणि तीन महिन्यांनी अहवाल पाहून चकित होतात.

चिंचबन, आता आपल्या घरातल्या वादाविषयी. साजूक तुपात साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त मेदाम्ले असतात. त्यांतली काही आखूड साखळीची असून ती थेट यकृताकडे जातात, पण त्यांचे प्रमाण थोडे आहे. वरणभातावर एक चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅम चरबी, तेवढ्यावरून घरात भांडण करण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीला बिस्किटे, खारी, चीज, आइस्क्रीम अशी न दिसणारी संपृक्त चरबी किती जाते ते आधी पाहावे. शेंगदाणा तेलातली जवळजवळ निम्मी चरबी एकअसंपृक्त आणि सुमारे एक तृतीयांश बहुअसंपृक्त असते, म्हणून रोजच्या फोडणीला ते चांगले, परंतु मापाने. तर्रीदार मिसळीच्या वाटीवर जो लाल थर तरंगतो तो चमच्याने बाजूला काढून एकदा मोजून पाहावा. कोणत्या तेलाचा आहे हा प्रश्न मग गौण वाटू लागतो.

खोबरेल तेलाविषयी बराच गैरसमज आहे. ते मध्यम साखळीचे असल्यामुळे लगेच जळून जाते, साठत नाही, असे सांगितले जाते. हे प्रामुख्याने आठ आणि दहा कार्बनच्या मेदाम्लांना लागू पडते आणि खोबरेल तेलात ती थोडीच असतात. त्यातला जवळजवळ निम्मा भाग बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा आहे, आणि त्याचा बराचसा अंश इतर चरबीप्रमाणेच कायलोमायक्रॉनमधून जातो. हे तेल सुमारे नव्वद टक्के संपृक्त आहे आणि शेंगदाण्यासारख्या तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवते. आमटीत वाटलेला ओला नारळ ही निराळी गोष्ट आहे. त्यात पाणी आणि चोथा बराच असतो, प्रमाण बेताचे ठेवले तर चालते. मालवणकडच्या स्वयंपाकातून आपण मुद्दाम उचलावे ते म्हणजे बांगडा आणि तारली. ओमेगा-३ साठी इतका स्वस्त आणि खात्रीचा स्रोत दुसरा नाही, फक्त रवा लावून तेलात पोहू देण्याऐवजी तिखले किंवा सार करावे. शाकाहारी वाचकांसाठी जवसाची चटणी अवश्य चांगली आहे, पण जवसातल्या ओमेगा-३ चे माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडे होते, तेव्हा ट्रायग्लिसराइडवर तिच्याकडून माशाएवढी अपेक्षा ठेवू नये.

चरबी कशात बांधलेली आहे यालाही महत्त्व आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे वजन चरबीचे असते. अख्खे दाणे चावून खाल्ले तर काही चरबी पेशीभित्तिकेत अडकलेली राहते आणि सावकाश सुटते. बारीक कूट केले की ती लवकर सुटते. तेलात तर अडवायला काहीच उरत नाही. संकष्टीच्या साबुदाणा खिचडीत निव्वळ पिष्ट, बटाटा, मूठभर कूट आणि वर तूप असे सगळे एकत्र येते. जेवणोत्तर चरबीच्या दृष्टीने उपवासाचा हा दिवस इतर दिवसांपेक्षा जड ठरण्याची शक्यताच अधिक.


चिंचबन

आपणा सर्वांचे आभार. करडईताई, तर्री मोजण्याचा प्रयोग नक्की करीन. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आता तपासणी उपाशीपोटी करू की जेवणानंतर? आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, ते जेवणानंतर लगेच चालणे अपेक्षित आहे की सकाळचे चालणेही चालेल?


उत्तर : जीवरसायन

तपासणीविषयी २०१६ मध्ये युरोपातील दोन तज्ज्ञ संस्थांनी संयुक्त भूमिका जाहीर केली, की नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. न उपाशी घेतलेल्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड १७५ किंवा अधिक असेल तर ती वाढलेली समजावी, आणि ४४० च्या वर गेल्यास उपाशीपोटी पुन्हा पाहावी. त्यामागे कोपनहेगनमधील मोठ्या लोकसंख्येवरचे अभ्यास होते. अमेरिकेत २६ हजारांहून अधिक स्त्रियांवरील २००७ च्या अभ्यासातही जेवणानंतर दोन ते चार तासांनी घेतलेल्या ट्रायग्लिसराइडचा हृदयविकाराशी संबंध सर्वांत ठळक दिसला होता. परंतु हा १७५ चा उंबरठा नेहमीच्या जेवणासाठी आहे, पुरी-गुलाबजामसाठी नव्हे. आपल्याला आता पूर्वीच्या १७२ शी तुलना करायची असल्यामुळे पुढची तपासणी उपाशीपोटीच करावी, म्हणजे दहा-बारा तास पाण्याखेरीज काही नाही, असे मला वाटते. चरबी पाजून चार तासांनी मोजण्याची एक चाचणीही आहे. तज्ज्ञांनी तिच्यासाठी ७५ ग्रॅम चरबीचे जेवण सुचवलेले आहे आणि चार तासांनी २२० च्या आत आकडा यावा अशी अपेक्षा धरतात. आपल्या बाबतीत ती करून नवे काही कळणार नाही, निरोपाच्या जेवणाने ती जवळजवळ झालीच आहे.

डॉक्टरांना एक मात्र जरूर विचारावे: अपो-बी करून घ्यावे का. ते महाग वाटले तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएल आकडा आपल्या अहवालातून फुकट मिळतो. जेवणाने तो फारसा बदलत नाही आणि अवशेष-कणही त्यात धरले जातात. सूत्राने काढलेली एलडीएल मात्र ट्रायग्लिसराइड चढलेली असताना खरी असते त्यापेक्षा कमी दिसते, तेव्हा शिबिराच्या अहवालातल्या एलडीएलवर विसंबू नये. तसेच ट्रायग्लिसराइड कधी उपाशीपोटी ५०० च्या वर गेली, तर चर्चेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. तिथून पुढे स्वादुपिंडाचा दाह हा वेगळाच धोका सुरू होतो.

चालण्याविषयी. इंग्लंडमधील लाफबरो विद्यापीठात एड्रिअ‍ॅन हार्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की आदल्या दिवशी भरभर चालून आलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीच्या चरबीयुक्त जेवणानंतरची ट्रायग्लिसराइड लक्षणीय कमी राहते. काम केलेल्या स्नायूंतला लायपोप्रोटीन लायपेज काही तासांनी वाढतो, आणि यकृतही व्हीएलडीएलच्या बाबतीत हात आखडता घेते. हा लाभ दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून रविवारी सिंहगड चढून आठवडाभर खुर्चीत बसण्यापेक्षा रोजचे चालणे श्रेष्ठ, मग ते सकाळचे असो की संध्याकाळचे. जेवणानंतरची शतपावली साखरेसाठी उत्तम आहे, ती अवश्य करावी. चरबीच्या बाबतीत भिस्त ठेवावी ती आदल्या दिवशीच्या चालण्यावर. सलग वेळ मिळत नसेल तर तीन-तीन मिनिटांचे दहा तुकडे दिवसभरात पाडूनही परिणाम दिसल्याचे त्याच विद्यापीठातील पुढच्या प्रयोगांत आढळले आहे. बैठे काम करणाऱ्याने याची नोंद घ्यावी, कारण तासन्‌तास न हललेल्या स्नायूंत हाच लायपेज झपाट्याने मंदावतो.


उत्तर : तूपसाखर

अपो-बीचा मुद्दा मान्य. तुपाच्या चमचाभर मापावरही आमची तडजोड होऊ शकते. एक शंका मात्र राहते. रात्रीचे जेवण उशिरा होते, मग सकाळच्या न्याहारीवर त्याचा काही परिणाम होतो का? मुंबईत लोकलने दहाला घरी पोहोचणाऱ्यांचा हा रोजचा प्रश्न आहे.


उत्तर : करडई

होतो. एका जेवणातली सगळी चरबी आतड्यातून लगेच बाहेर पडत नाही. तिचा काही भाग आतड्याच्या पेशींत थेंबांच्या रूपाने थांबून राहतो आणि पुढचे जेवण पोटात जाताच बाहेर ढकलला जातो. म्हणून न्याहारीनंतर पहिल्या तासाभरातच ट्रायग्लिसराइडची जी छोटी उसळी दिसते ती पुष्कळदा रात्रीच्या जेवणाची असते. रात्री दहाला जेवणाऱ्याने तळलेले आणि मटणाच्या रश्श्यासारखे जेवण शक्यतो दुपारकडे सरकवावे, रात्री भाकरी, पालेभाजी, मुगाची आमटी किंवा ताक-कोशिंबीर असे ठेवावे, आणि जेवणानंतर गोड नको. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्यातले काही यकृतात चरबीच्या वाटेला लागते आणि ते तेलकट जेवणासोबत गेले तर जेवणोत्तर ट्रायग्लिसराइड आणखी वर जाते. मद्यानेही तसेच होते, तेव्हा चिंचबन, पुढच्या तपासणीच्या आधीच्या दोन दिवसांत लग्न, बारसे किंवा पार्टी येत असेल, तर तपासणी चार दिवस पुढे ढकलावी.